विमा-विचार : कमिशनच्या कपातीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत : विमा कंपनीने एजंटाचे कमिशन कमी केले, आता करायचे काय? पत्रे पानेच्या पाने लिहिलेली असल्यामुळे त्यांतला मुद्द्यापुरता मजकूर येथे घेतला आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि त्यांनी कळवलेली कंपन्यांची नावेही गाळली आहेत, कारण प्रश्न कोणा एका कंपनीपुरता राहिलेला नाही.

प्रश्न : मी नऊ वर्षांपासून आरोग्य विम्याची एजन्सी करते. घटस्थापनेच्या दिवसापासून हप्त्यावरचा जीएसटी गेला, तेव्हा ग्राहकांना फोन करून ही आनंदाची बातमी मीच दिली. ऑक्टोबरात कंपनीचे पत्र आले, की यापुढे कमिशनची रक्कम ‘जीएसटीसह’ धरली जाईल. २४,००० रुपये हप्त्याच्या एका पॉलिसीवर मला १५ टक्के दराने ३,६०० रुपये मिळत असत. यंदा त्याच पॉलिसीच्या नूतनीकरणावर टीडीएस कापण्याआधीची रक्कम २,९५२ रुपये दिसते. माझी जीएसटी नोंदणी नाही, मी हा कर कधी भरलेला नाही. मग माझ्या कमिशनातून तो कसा कापला? नोंदणी करून घेतली तर पैसे परत मिळतील का? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपण आकडे दिलेत हे फार चांगले केले, कारण त्या आकड्यांतच एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

एजंट विमा कंपनीला सेवा देतो आणि त्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. मात्र तो एजंटाने नव्हे, तर सेवा घेणाऱ्या कंपनीने भरायचा असतो. कायद्याच्या भाषेत यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. म्हणजे आपल्या ३,६०० रुपयांवरचे ६४८ रुपये कंपनी आपल्या नकळत सरकारकडे भरतच होती. तेव्हा त्याचा तिला भार नव्हता, कारण ग्राहकाकडून घेतलेल्या ४,३२० रुपयांच्या जीएसटीतून हे ६४८ रुपये ती वळते करून घेत असे. व्यापारी मंडळी ज्याला क्रेडिट म्हणतात ते हेच.

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा व वैयक्तिक आरोग्य विमा यांच्या हप्त्यावरचा कर शून्य झाला. ग्राहकाचे ४,३२० रुपये वाचले. परंतु विक्रीवर करच नाही म्हटल्यावर खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिटही उरले नाही, आणि एजंटाच्या कमिशनवरचा १८ टक्के कर मात्र कायम राहिला. कालपर्यंत वळते होणारे ६४८ रुपये आज कंपनीचा निव्वळ खर्च झाले. तो खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाला बऱ्याच कंपन्यांनी ‘एजंटाने’ असे उत्तर दिले. आपल्याला आलेल्या पत्राचा अर्थ एवढाच आहे.

नोंदणी केल्याने यात काही फरक पडणार नाही. एजंट नोंदणीकृत असो वा नसो, या सेवेवरचा कर कंपनीच भरते, आणि केवळ अशीच सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्तीही नाही. कोणी सल्लागार ‘नोंदणी करून देतो, क्रेडिट मिळवून देतो’ म्हणून फी मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता आकड्यांकडे. ३,६०० ही रक्कम करासह धरायची, तर तिला १.१८ ने भागावे लागते. भागाकार ३,०५०.८५ येतो आणि उरलेले ५४९.१५ म्हणजे त्यावरचा १८ टक्के कर. एजंटाच्या वाट्याला येणारी घट यात १५.२५ टक्के होते. आपल्याला मिळालेले २,९५२ रुपये म्हणजे ३,६०० मधून सरळ १८ टक्के वजा करून आलेली रक्कम आहे. २,९५२ वर १८ टक्के कर ५३१.३६ होतो, दोन्ही मिळून ३,४८३.३६. कंपनीचा खर्च आधीच्या ३,६०० इतकाच ठेवायचा होता असे जर पत्रात म्हटले असेल, तर प्रत्येक पॉलिसीमागे हे वरचे ११६.६४ रुपये कुठे गेले, असा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. कंपनी कदाचित सांगेल, की आम्ही दरच १५ वरून १२.३ टक्के केला. तसे असेल तर ती दरकपात आहे आणि तिला जीएसटीचे नाव देऊ नये. कोणत्याही प्रकारे, खुलासा लेखी मागावा, शाखेत तोंडी नव्हे, ई-मेलने. सोबत ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशी दोन्ही स्टेटमेंटे जोडावीत.

स्टेटमेंट तपासताना आणखी दोन ठिकाणी नजर टाकावी. बँकेत जमा झालेल्या रकमांची तुलना करून काही कळत नाही, कारण एप्रिल २०२५ पासून विमा कमिशनवरचा टीडीएस ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आहे. गेल्या वर्षीचे आणि यंदाचे आकडे ताडायचे तर टीडीएसपूर्वीचे कमिशनच ताडावे. दुसरे असे, की करमाफी केवळ वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याला आहे. खासगी मोटारीचा विमा, दुकानाचा आगीचा विमा, कारखान्यातील कामगारांचा समूह आरोग्य विमा या सर्वांवर ग्राहक अजूनही १८ टक्के भरतो आणि कंपनीला क्रेडिटही मिळते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीची समूह पॉलिसी आपल्याकडे असेल आणि तिच्यावरचे कमिशनही ‘जीएसटीसह’ झाले असेल, तर त्या कपातीला वरचे कारण मुळीच लागू होत नाही.

या निर्णयामागे एक गमतीचा भाग आहे, म्हणजे आपल्याला तो गमतीचा वाटणार नाही. हप्त्यावरचा कर काढा, ही मागणी विम्याच्या धंद्यातल्याच माणसांची होती. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २८ जुलै २०२४ रोजी अर्थमंत्र्यांना जे पत्र लिहिले, तेही आयुर्विमा महामंडळाच्या नागपूर विभागातील कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरूनच होते. मागणी रास्त होती आणि ग्राहकाचे भले झाले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण क्रेडिट गेल्याचा भार कंपनी, एजंट आणि ग्राहक यांच्यात कसा वाटला जावा याचा विचार कोणी केला नाही. या वाटणीत ज्याचा आवाज सर्वांत बारीक त्याच्या गळ्यात सर्वांत मोठा वाटा पडला, असे माझे मत आहे.

प्रश्न : मी आयुर्विम्याचा एजंट. ऊस उत्पादक आणि दूध संस्थांचे सभासद हेच माझे ग्राहक. २०२४ मध्ये पहिल्या वर्षाचे कमिशन ३५ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आणले, शिवाय काही योजनांत किमान विमा रक्कम एक लाखाची दोन लाख केली. पॉलिसी लवकर बंद पडली तर दिलेले कमिशन वसूल करणार, अशीही चर्चा शाखेत आहे. हे आरोग्य विम्याच्या एजंटांवर झालेल्या अन्यायासारखेच नाही काय? (गडहिंग्लज)

उत्तर : नाही. खिशाला बसणारा चटका सारखा असला तरी दोन्ही कपातींची कुळी वेगळी आहे, आणि माझ्या मते आपल्या बाबतीतले कारण न्याय्य आहे. हे वाचून आपण माझ्यावर रागावाल याची मला जाणीव आहे.

३०,००० रुपयांच्या वार्षिक हप्त्यावर आपल्याला १०,५०० रुपये मिळत होते, ते आता ८,४०० मिळतात. हे का झाले? पूर्वी बहुतेक पारंपरिक पॉलिसींत किमान दोन वर्षांचे हप्ते भरल्याखेरीज सोडून देणाऱ्याच्या हाती काहीच येत नसे. आपल्याकडे कारखान्याचे बिल लांबले, की विम्याचा हप्ता सर्वांत आधी थकतो. मुलीचे लग्न निघाले, विहिरीला पाणी लागले नाही, की पॉलिसी लॅप्स होते. असा पहिलाच हप्ता भरून थांबलेला शेतकरी ते पैसे कायमचे घालवून बसायचा, आणि त्याच पैशातून कंपनीचा खर्च व एजंटाचे पहिल्या वर्षाचे कमिशन भागायचे. विमा नियामक प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला. एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेल्या माणसालाही वर्षअखेरीनंतर पॉलिसी सोडताना विशेष सरेंडर मूल्य द्यावे लागते. तेव्हा पहिल्या हप्त्यातला मोठा भाग कमिशनात वाटून टाकणे कंपनीला परवडेनासे झाले, म्हणून पहिल्या वर्षाचे कमिशन कमी करण्याकडे आणि त्याचा काही भाग नंतरच्या वर्षांकडे सरकवण्याकडे कंपन्यांचा कल आहे. आपल्या शाखेच्या परिपत्रकात पुढील वर्षांच्या कमिशनचे दर काय दिले आहेत, ते नीट पाहावे. पत्रात आपण केवळ पहिल्या वर्षाचा आकडा लिहिला आहे. पंधरा वर्षांच्या पॉलिसीचा हिशेब पंधरा ओळींत मांडावा, मग खरे नुकसान किती ते दिसेल. ज्यांच्या पॉलिसी टिकतात त्यांचे नुकसान पहिल्या ओळीवरून वाटते त्याहून पुष्कळ कमी निघते.

वसुलीच्या चर्चेबाबत मात्र सावध असावे. शाखेतील चर्चा म्हणजे करार नव्हे. आपले नेमणूक पत्र, त्यानंतर आलेली परिपत्रके आणि आपण सही करून दिलेले नवे कागद (अलीकडे ही सही मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून होते, ती सहीच आहे हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही) एकत्र करावेत आणि परतफेडीचे कलम त्यांत आहे का, असल्यास किती महिन्यांपर्यंत, आणि आधी विकलेल्या पॉलिसींनाही ते लावले आहे का, हे तीन मुद्दे तपासावेत. जुन्या पॉलिसींना नवे कलम लावलेले असेल, तर त्यावर हरकत घ्यायला चांगली जागा आहे.

किमान विमा रक्कम दोन लाख झाल्याने लहान शेतकरी बाहेर पडतो, ही आपली तक्रार मात्र मला पूर्णपणे पटते. ती ग्राहकाचीही तक्रार आहे. म्हणून कमिशनच्या निवेदनात ती शेवटच्या ओळीत न टाकता वेगळी लिहावी.

प्रश्न : आमच्या भागातील सुमारे ऐंशी एजंटांचा एक गट आहे. एका कंपनीने कमिशन कापल्यावर आम्ही ठराव केला, की कोणीही त्या कंपनीची नवी पॉलिसी करायची नाही. जो करील त्याला गटातून काढायचे आणि त्याचे नाव सर्वांना कळवायचे. ठरावावर सह्या घेण्याआधी आपले मत हवे आहे. विमा लोकपालांकडे जाता येईल का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : सह्या घेऊ नका. झालेल्या असतील तर तो ठराव मागे घेतल्याची नोंद इतिवृत्तात करा.

अगदी अशीच गोष्ट विमानाच्या तिकिटांच्या धंद्यात घडून गेली आहे. सिंगापूर एअरलाइन्सने प्रवास एजंटांचे कमिशन बंद केले, तेव्हा एजंटांच्या देशपातळीवरील संघटनांनी तिची तिकिटे न विकण्याचा पवित्रा घेतला. एका प्रवास कंपनीने तो मोडला, तिच्यावर संघटनेने कारवाई केली आणि प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले. २०११ मध्ये आयोगाने संघटनांना दोषी ठरवून तिघींना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. कमिशन बंद करणे योग्य की अयोग्य हा तेथे कळीचा मुद्दाच ठरला नाही. स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन ‘आपण कोणीच विकायचे नाही’ असे ठरवणे आणि न ऐकणाऱ्याला शिक्षा करणे, हाच दोष ठरला. एजंट कंपनीचे नोकर नाहीत, स्वतंत्रपणे काम करणारे आहेत. म्हणून कामगार संघटनेच्या संपाला जे संरक्षण असते ते आपल्या ठरावाला मिळेल असे गृहीत धरू नये.

आपल्यापैकी एखाद्याने स्वतःच्या मनाने ठरवले, की या कंपनीचे काम मला परवडत नाही, मी करणार नाही, तर तो त्याचा हक्क आहे आणि त्याला कोणी विचारू शकत नाही. गटाने सामूहिक निवेदन देणे, विभागीय व्यवस्थापकांची वेळ मागणे, दसरा चौकात रीतसर परवानगी घेऊन धरणे धरणे, खासदारांना भेटणे हे सर्व खुले आहे. निवेदन एका पानाचे असावे आणि त्यात भावनेपेक्षा हिशेब असावा. मंगळवार पेठेतील भगिनींच्या पत्रातले ११६.६४ रुपये मला दहा घोषणांपेक्षा अधिक वजनदार वाटतात. ऐंशी एजंटांनी आपापल्या स्टेटमेंटवरून अशीच एकेक ओळ काढून दिली, तर त्या तक्त्याला उत्तर देणे कंपनीला भाग पडेल. २०२३ च्या नियमांपासून प्रत्येक विमा प्रकाराला ठरावीक कमिशनमर्यादा राहिलेली नाही. कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाला मर्यादा आहे (सर्वसाधारण विमा कंपनीला एकूण हप्त्याच्या ३० टक्के, केवळ आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीला ३५ टक्के) आणि त्या मर्यादेत कमिशन किती द्यायचे, याचे धोरण संचालक मंडळ मंजूर करते. तेव्हा ‘नियमच तसा आहे, आमच्या हातात काही नाही’ असे शाखेत कोणी सांगितले, तर ते खरे नाही. ‘संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणात ही कपात कोठे बसते’ हा एक प्रश्न निवेदनात असलाच पाहिजे.

विमा लोकपालांकडे जाण्याविषयीही आपण विचारले आहे. पुण्याचे लोकपाल कार्यालय पॉलिसीधारकांच्या तक्रारींसाठी आहे, एजंटाच्या कमिशनचा वाद तेथे चालत नाही.

प्रश्न : माझ्याकडे आरोग्य विम्याचे सुमारे तीनशे ग्राहक आहेत. ज्या कंपनीने कमिशन कापले तिला धडा शिकवायचा म्हणून सगळे ग्राहक दुसऱ्या कंपनीत पोर्ट करावेत असे मनात आहे. दुसरी कंपनी जादा कमिशन द्यायला तयार आहे. (इचलकरंजी)

उत्तर : धडा कंपनीला मिळेल की यंत्रमागावर आयुष्य काढून दम्याने बेजार झालेल्या आपल्या जुन्या ग्राहकाला, याचा आधी विचार करावा.

पोर्टिंग हा ग्राहकाचा हक्क आहे आणि त्यात आधीच्या पॉलिसीत पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ (म्हणजे ज्या काळात काही आजारांचा क्लेम मिळत नाही तो) जुन्या विमा रकमेपुरता नव्या कंपनीत धरला जातो, हे खरे. पण नवी कंपनी प्रकृतीची चौकशी करून अर्ज नाकारू शकते, किंवा हप्ता वाढवून मागू शकते. रक्कम पाच लाखांची दहा लाख केली, तर वरच्या पाच लाखांना प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून लागतो, आणि पोर्ट करताना एजंट हमखास रक्कम वाढवून देतो. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे आणि सलग ६० महिने पॉलिसी चालवली, की लबाडी सिद्ध झाल्याखेरीज ‘माहिती लपवली’ या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. चार वर्षे दहा महिने झालेल्या माणसाला हलवताना नव्या अर्जात एखादा रकाना घाईघाईने ‘नाही’ म्हणून भरला गेला, तर पुढे जे होईल ते आपल्याच दारात येऊन उभे राहील.

म्हणून तीनशेंची यादी करावी आणि प्रत्येक नावासमोर वय, आजार, किती वर्षे झाली आणि गेल्या तीन वर्षांत क्लेम झाला का, एवढेच लिहावे. ज्याला सध्याच्या कंपनीची सेवा खरोखर वाईट मिळाली, ज्याचे रुग्णालय तिच्या कॅशलेस यादीतून गेले, ज्याचा हप्ता दुसरीकडे स्वच्छ कमी पडतो, त्याला जरूर सांगावे. नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा आणि नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडू नये. बाकीच्यांना जागचे हलवू नये. मला वाटते तीनशेपैकी जेमतेम पंचवीस-तीस नावे पहिल्या प्रकारची निघतील.

आणखी एक अडचण आपल्या पत्रात दिसत नाही. एका एजंटाला एका वेळी एकाच आरोग्य विमा कंपनीची एजन्सी ठेवता येते. दुसरीकडे जायचे तर पहिलीचा राजीनामा, तिच्याकडून एजन्सी संपल्याचा दाखला आणि त्यानंतर ९० दिवसांची वाट, असा क्रम आहे. त्या तीन महिन्यांत ज्यांचे नूतनीकरण येईल त्यांच्याकडे कोण पाहणार, आणि राजीनाम्यानंतर जुन्या पॉलिसींवरचे कमिशन चालू राहणार की बंद होणार? दुसरे उत्तर करारात आहे. पहिले आपणच द्यायचे आहे. पुतण्याच्या किंवा पत्नीच्या नावावर दुसरी एजन्सी काढून आपण काम करायचे, ही वाट बरेच जण चोखाळतात हे मला ठाऊक आहे. तिचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : आमचे विमा एजंट बारा वर्षांपासून घरच्यासारखे आहेत. या वर्षी त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी ‘कमिशन परवडत नाही’ म्हणून पाचशे रुपये सेवा शुल्क मागितले. संकोचाने मी दिले. हे योग्य आहे का? आणि आता थेट मोबाइलवरून पॉलिसी घेतली तर बिघडते कोठे? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : योग्य नाही. एजंटाचा मोबदला कंपनी देते. हप्त्याव्यतिरिक्त ग्राहकाकडून पैसे मागणे त्याच्या आचारसंहितेत बसत नाही. पुढील वेळी पावती मागावी, म्हणजे शुल्कही मागितले जाणार नाही.

मात्र याच नाण्याची दुसरी बाजू ग्राहकांनीही ऐकावी. ‘पहिल्या हप्त्यात तुमचे किती सोडता?’ हा प्रश्न आपल्या शहरात विम्याच्या बोलण्यात चहाबरोबरच येतो. विमा कायद्याच्या ४१व्या कलमानुसार कमिशनातला वाटा ग्राहकाला देणे आणि ग्राहकाने तो घेणे, दोन्ही गुन्हे आहेत, आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. बारा वर्षांपूर्वी ज्यांनी अर्धा हप्ता एजंटाकडून भरून घेतला, त्यांनी आज पाचशे रुपयांची तक्रार जरा हळू आवाजात करावी. (हे आपल्याला उद्देशून नाही, पण हे सदर वाचणाऱ्या काहींना उद्देशून नक्की आहे.)

थेट घेण्यात बिघडत काही नाही. ज्याला पॉलिसीचे कागद वाचता येतात, रुग्णालयाच्या काउंटरवर स्वतः उभे राहता येते, त्याने जरूर घ्यावी, काही ठिकाणी त्यासाठी सवलतही असते. आपण शाहूपुरीत राहता म्हणून एक आठवण देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. पाणी ओसरल्यावर व्यापारी पेठेच्या बाजूला मी एका एजंटाला पाहिले. गुडघाभर चिखलात उभे राहून ते दुकानदाराला सांगत होते, की माल बाहेर फेकण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा, गाडी स्टार्ट करून पाहू नका, इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर क्लेम अडेल. दुकानाची भिजलेली स्टॉक वही त्यांनी पान-पान सुटे करून दोरीवर वाळत घातली होती. सर्व्हेअर आला तेव्हा तीच कामी आली. त्या पॉलिसीवर त्यांना कमिशन किती मिळाले असेल याचा हिशेब मी नंतर केला, तो त्या दिवसाच्या मजुरीइतकाही भरत नव्हता. आपले एजंट या जातीचे असतील, तर पाचशे रुपयांबद्दल त्यांच्याशी स्पष्ट बोलून नाते टिकवावे. नसतील, तर बारा वर्षांच्या ओळखीचा संकोच नको.

प्रश्न : वडील अठ्ठावीस वर्षे आयुर्विमा एजंट आहेत. मी वाणिज्य पदवीधर आहे. आता कमिशन घटत असताना मी एजन्सी घ्यावी का? वडील म्हणतात घे, त्यांचे मित्र म्हणतात धंदा संपला. (कागल)

उत्तर : दोघांचेही ऐकण्याआधी वडिलांची वही पाहावी. त्यांच्या गेल्या वर्षीच्या कमिशनात नव्या पॉलिसींचे किती आणि जुन्या पॉलिसींच्या हप्त्यांवरचे किती, हे दोन रकाने वेगळे काढावेत. अठ्ठावीस वर्षांच्या प्रामाणिक एजंटाच्या वहीत दुसरा रकाना मोठा असतो, आणि आताची कपात प्रामुख्याने पहिल्यावर आलेली आहे. पण तो दुसरा रकाना वडिलांचा आहे. त्यांच्या पश्चात वारसाला मिळणारे कमिशन कंपनीच्या अटींप्रमाणे मिळेल, मात्र एजन्सी वारसाहक्काने चालत येत नाही. आपल्याला परीक्षा देऊन पहिल्या हप्त्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तीही २८ टक्क्यांच्या काळात. पहिली चार-पाच वर्षे केवळ यावर घर चालणार नाही, हे गृहीत धरून दुसरे एखादे काम (आपण वाणिज्य पदवीधर आहात, पंचतारांकित एमआयडीसीत हिशेबनिसाची गरज नेहमी असते) सोबत ठेवावे.

फक्त आयुर्विम्यावर विसंबूही नये. एका आयुर्विमा कंपनीबरोबर एका सर्वसाधारण आणि एका आरोग्य विमा कंपनीची एजन्सी त्याच माणसाला घेता येते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचा विमा दरवर्षी करावाच लागतो, आणि त्यासाठी माणूस आपणहून दाराशी येतो. वडिलांच्या ग्राहकांपैकी कितीजणांच्या ट्रॅक्टरचा विमा आज दुसराच कोणी करतो, हे विचारून पाहावे. आकडा ऐकून वडीलही चकित होतील.

निर्णय दिवाळीपर्यंत लांबवला तरी चालेल. तोवर वडील ज्या घरी मृत्यूच्या क्लेमचे कागद घेऊन जातात, अशा दोन-तीन घरी त्यांच्याबरोबर जाऊन यावे. तेथे मूळ पॉलिसी सापडत नाही, नॉमिनी म्हणून लग्नापूर्वीचे आईचेच नाव राहिलेले असते, आधार कार्डावर नाव एक आणि बँकेत दुसरे असते, आणि समोर बसलेल्या बाईला यातले काहीही समजावून घेण्याची ताकद नसते. ते काम आपल्याला जमते का, ते पाहून मला पुन्हा लिहावे.